किनाऱ्यावरच्या बत्त्यांची सूची मराठीत हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीपगृह हे पाहण्याजोगे ठिकाण आहे, याची जाणीव अलीकडे सरकारला आणि पर्यटकांना दोघांनाही झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्यावर पहिला दीपगृह महोत्सव झाला, देशभरातील ७५ दीपगृहे पर्यटनासाठी विकसित करण्यात आली आणि आता कोकणात येणारा पाहुणा देवदर्शन आटोपून एखाद्या दीपगृहाचा जिनाही चढून येतो. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दीपगृह बांधतात ते समुद्रावरून दिसावे म्हणून, आणि समुद्रावरून दिसलेली बत्ती नेमकी कोणती हे ओळखायचे तर सोबत एक पुस्तक लागते. त्या पुस्तकाला जहाजावर ‘लाइट लिस्ट’ म्हणतात. मराठीत त्याला दीपसूची म्हणता येईल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरती ही दीपसूची मराठीत निघावी आणि तिच्यातील बदल मच्छीमारांपर्यंत त्यांच्या भाषेत, वेळेवर पोहोचावेत, एवढे एकच मागणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण हर्णैजवळच्या कोळीवाड्यात गेले. वडील तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, होते. शाळा त्यांनी फारशी पाहिली नव्हती, पण रात्री परतीच्या वाटेवर किनारा दिसण्याआधीच क्षितिजाच्या कडेला उजेडाची फिकट चाहूल लागली की ते बोलणे थांबवायला सांगत आणि नौकेच्या काठावर तर्जनीने ठोके देत मोजू लागत. झोत येऊन गेला की पहिला ठोका, आणि पुढचा झोत येईपर्यंत सारख्या लयीत पुढचे ठोके. असे तीनदा मोजून झाल्यावर आकडा तिन्ही वेळा सारखा आला तरच ते ‘ही कनकदुर्गाची’ किंवा ‘ही आपली नव्हे, आपण दक्षिणेला सरकलोय’ असे सांगत. पुढे मी व्यापारी जहाजावर नौकानयनाचे शिक्षण घेऊ लागलो तेव्हा आमच्या अधिकाऱ्याने हातात थांबघड्याळ दिले आणि बत्ती ओळखण्याआधी तिचा फेरा निदान तीनदा मोजायचा, असे बजावले. वडिलांची पद्धत तीच होती. फरक इतकाच की त्यांची दीपसूची त्यांच्या डोक्यात होती आणि माझी पुस्तकात.

हे पुस्तक ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. त्यात वर्णन नाही, इतिहास नाही, चित्रेही जवळजवळ नाहीत. पानामागून पान नुसते आठ रकाने असतात. पहिल्यात बत्तीचा क्रमांक, मग नाव व ठिकाण, मग अक्षांश-रेखांश, मग तिची प्रकाशाची खूण, मग समुद्रसपाटीपासूनची दिव्याची उंची, मग किती सागरी मैलांवरून दिसते तो आकडा, मग मनोऱ्याचा आकार, रंग आणि उंची, आणि शेवटच्या रकान्यात इतर माहिती. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने अशा सूच्यांसाठी प्रमाण मांडणी ठरवून दिलेली असल्यामुळे देश कोणताही असला तरी सरावलेल्या डोळ्याला हवी ती गोष्ट चटकन सापडते.

यातला सर्वांत मोलाचा रकाना चौथा. उजेड क्षणभर आणि अंधार जास्त वेळ असेल तर ती झोताची बत्ती. उजेड जास्त वेळ आणि मध्ये थोडाच काळोख असेल तर ती झाकोळणारी बत्ती. दोन्ही सारखेच असतील तर समकाळ बत्ती. झोत एकेकटे येतात की दोनदोन, तीनतीनच्या गटाने येतात, रंग पांढरा, लाल की हिरवा, आणि पूर्ण फेरा किती सेकंदांचा, एवढे सगळे तिथे पाच-सहा अक्षरांत आणि एका आकड्यात बसवलेले असते. शेजारशेजारच्या बत्त्यांच्या खुणा एकमेकींसारख्या नसतील याची काळजी त्या ठरवतानाच घेतलेली असते. प्रत्येक बत्तीला स्वतःची मोजता येण्याजोगी खूण असावी हा विचार गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८५१ साली आग्रहाने मांडला होता. त्याआधी बहुतेक बत्त्या नुसत्या स्थिर जळत, आणि एक स्थिर उजेड दुसऱ्या स्थिर उजेडापासून वेगळा ओळखायला नाविकाकडे काहीच साधन नसे.

शेवटच्या रकान्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिथे नवशिका हमखास चुकतो. काही बत्त्या एका दिशेला पांढऱ्या तर दुसऱ्या दिशेला लाल दिसतात. लाल पट्ट्याखाली सहसा खडक किंवा उथळ पाणी असते. या पट्ट्यांच्या सीमा अंशांत दिलेल्या असतात आणि ते अंश समुद्राकडून बत्तीकडे पाहताना मोजलेले असतात, बत्तीकडून समुद्राकडे पाहताना नव्हे. प्रस्तावनेतले हे वाक्य वाचले नाही तर हिशेब बरोबर १८० अंशांनी चुकतो. एवढी महत्त्वाची सूचना वाचणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

पुस्तक छापून झाले म्हणजे काम संपले असे नाही. तिथून पुढेच ते सुरू होते. बत्ती बंद पडते, तिचा दिवा बदलतो, मनोरा नव्याने रंगवला जातो, गाळ साचला म्हणून बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, हलवला जातो. ब्रिटिश नौदलाच्या जलसर्वेक्षण खात्याची ‘नाविकांसाठी सूचना’ ही पुस्तिका दर आठवड्याला निघते आणि तिच्या पाचव्या विभागात दीपसूचीतल्या दुरुस्त्या असतात. उमेदवारीच्या काळात हे काम माझ्याकडे होते. कात्रीने त्या बारीक पट्ट्या कापायच्या, मागे पातळ डिंक लावायचा, जुन्या नोंदीवर नवी पट्टी सरळ बसवायची आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या तक्त्यात आठवड्याचा क्रमांक व आपली सही टाकायची. डिंक जास्त झाला की दोन पाने चिकटत आणि ती सोडवताना एखादी नोंद फाटे. वर्षअखेरीपर्यंत पुस्तक इतके फुगे की ते मिटेना. जाड फुगलेली दीपसूची ही त्या जहाजावरचे अधिकारी जागरूक असल्याची खूण मानली जाई. आता बहुतेक जहाजांवर हे संगणकावर होते, पण तत्त्व बदललेले नाही. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात, नकाशे, दीपसूच्या, भरती-ओहोटीची कोष्टके ही सर्व प्रवासाला पुरेशी आणि अद्ययावत असली पाहिजेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

जुन्या माहितीवर विसंबल्याने काय होते, याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. २२ सप्टेंबर १८४६ रोजी ‘ग्रेट ब्रिटन’ हे त्या काळातले जगातील सर्वांत मोठे जहाज लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि त्याच रात्री आयर्लंडच्या डनड्रम उपसागरात वाळूवर चढले. कप्तानाला समोर एक बत्ती दिसली होती. ती मॅन बेटाच्या दक्षिण टोकाची असावी असे समजून त्याने दिशा धरली. वस्तुतः ती आयर्लंडच्या सेंट जॉन्स पॉइंटची, दोनच वर्षांपूर्वी लागलेली नवी बत्ती होती आणि त्याच्या नकाशावर तिची नोंदच नव्हती. ब्रुनेलसारख्या अभियंत्याने बांधलेले लोखंडी जहाज जवळजवळ वर्षभर त्या वाळूत रुतून राहिले. ते सोडवण्याच्या खर्चात मालक कंपनी बुडाली. पुढे जहाज दुसऱ्यांनी विकत घेतले आणि १८५७ साली ते इंग्रजी सैन्य घेऊन आपल्या मुंबईलाही येऊन गेले. जहाजात दोष नव्हता आणि बत्तीही जळत होती. फक्त ती लागल्याची खबर ज्याला हवी त्याच्या हाती पोहोचली नव्हती.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळतो. भारतातील दीपगृहांचा कारभार दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाकडे आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा आता २०२१ च्या सागरी नौकानयन साहाय्य कायद्याने घेतली आहे. नकाशे आणि नाविकांसाठीच्या सूचना डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते. भारतीय किनाऱ्याची दीपसूचीही निघते, आणि ती तयार करणाऱ्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण ती इंग्रजीत आहे आणि मोठ्या जहाजांवरील प्रशिक्षित अधिकारी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. अमेरिकेची भूस्थानिक गुप्तवार्ता संस्था परदेशी किनाऱ्यांच्या सूच्या सात खंडांत काढते. त्यातील ११२ क्रमांकाच्या प्रकाशनात हिंदी महासागर येतो आणि ते कोणालाही इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते. म्हणजे कोकणातील बत्त्यांची माहिती अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात मिळते, पण खांदेरीसमोर जाळे टाकणाऱ्या थळच्या नाखव्याला ती त्याच्या भाषेत वाचता येत नाही. हे मला फार खटकते.

स्वतःच्या भाषेत दीपसूची काढणे ही काही अनोखी गोष्ट नाही. फ्रान्सचे जलसर्वेक्षण खाते ती फ्रेंचमध्ये काढते, नॉर्वेची ‘फिरलिस्ते’ नॉर्वेजियनमध्ये निघते, जपान आपली ‘तोदाईह्यो’ जपानीत छापतो. हे सगळे देश जागतिक व्यापारात आहेत, त्यांचे अधिकारी इंग्रजी जाणतात, तरीही त्यांना ते आवश्यक वाटते, कारण किनाऱ्यालगत फिरणाऱ्यांत बहुसंख्य लोक त्यांचे स्वतःचे मच्छीमार आणि छोट्या नौकांचे चालक असतात.

इथे दोन प्रकारच्या सूच्यांतला फरक लक्षात घ्यावा. ब्रिटिश सूचीत आठ मीटरपेक्षा कमी उंचीचे दिव्याचे बोये सहसा घेतच नाहीत, कारण ती महासागर ओलांडणाऱ्या जहाजांसाठी आहे. उलट अमेरिकेचे तटरक्षक दल स्वतःच्या देशासाठी जी सूची काढते तिच्यात दिवा नसलेले बोये आणि दिवसा ओळखायचे खांबसुद्धा असतात. मराठी सूची या दुसऱ्या वळणाची हवी. आमच्या माणसांचा जीव खाडीच्या तोंडाशी धोक्यात येतो, आणि तिथे लहान बोया, बिनदिव्याचा खांब, धक्क्याच्या टोकाचा लाल दिवा हेच कामाला येतात. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा हा आपल्याकडचा नियम, किंवा काळ्या-लाल पट्ट्यांच्या खांबावर दोन काळे गोळे दिसले तर तिथे एकटा खडक आहे ही खूण, ही माहितीही रंगीत चित्रांसह पहिल्याच पानांवर असावी.

आणखी एक सुधारणा मी सुचवू इच्छितो. सूचीत बत्ती किती मैलांवरून दिसते तो आकडा दिव्याच्या तेजावरून काढलेला असतो, आणि तोही हवेतून दहा सागरी मैलांपर्यंत स्वच्छ दिसते असे गृहीत धरून. पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून किती उंच आहे यावरही सारे अवलंबून असते. हिशेब सोपा आहे: दिव्याच्या उंचीचे वर्गमूळ आणि डोळ्याच्या उंचीचे वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये, यांच्या बेरजेला २.०३ ने गुणले की सागरी मैल मिळतात. समजा दिवा ३६ मीटरवर आहे. मालवाहू जहाजाच्या २५ मीटर उंच ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षातून, तो २२ मैलांवर दिसेल. तोच दिवा आमच्या नौकेत उभ्या असलेल्या, डोळा पाण्यापासून सव्वादोन मीटरवर असलेल्या तांडेलाला १५ मैलांच्या आत आल्यावरच दिसेल. पुस्तकात मोठा आकडा वाचून बत्ती दिसत नाही म्हणून आपण भरकटलो असे वाटणे, किंवा बत्ती बंद आहे असे समजणे, दोन्ही घातक आहे. मराठी सूचीत मच्छीमार नौकेवरून प्रत्यक्ष दिसण्याचे अंतर वेगळ्या रकान्यात छापावे. प्रत्येक बत्तीसाठी एक गुणाकार, एवढेच काम आहे.

नावांचा प्रश्नही असाच आहे. इंग्रजांनी खांदेरीला ‘केनरी’ आणि उंदेरीला ‘हेनरी’ केले, बाणकोटच्या किल्ल्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटले, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांना ‘बर्न्ट आयलंड्स’ हे नाव दिले. यातली काही नावे सुधारली, खांदेरीच्या बेटाला आणि १८६७ सालच्या तिथल्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी नाखव्यांच्या तोंडी असलेली खडकांची, कड्यांची, देवळांची नावे कोणत्याच सूचीत नाहीत. रत्नदुर्ग, टाळकेश्वर, जयगड, देवगड अशा प्रत्येक बत्तीच्या नोंदीत किनाऱ्यावरचे लोक तिला काय म्हणतात तेही एका ओळीत आले, तर बिनतारी यंत्रावर मदत मागणारा आणि मदतीला निघणारा एकाच ठिकाणाबद्दल बोलत आहेत याची खात्री राहील.

मी हे सगळे नुसत्या पुस्तकी प्रेमापोटी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्याच फेरीत माझ्या चुलत भावाची नौका पहाटेच्या काळोखात एका खाडीकडे परतत होती. त्या खाडीचे आणि संबंधित कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण मला कोणावर ठपका ठेवायचा नाही. पावसाळ्याच्या दोन महिन्यांच्या बंदीत खाडीच्या तोंडावरचा दिवा बदलला होता. पूर्वी तो एकेक झोत देई. आता दोनदोन झोत येऊ लागले होते. भावाने मोजले, पुन्हा मोजले आणि ही आपली खाडी नव्हे अशी त्याची खात्री झाली. तो उत्तरेला वळला आणि वाळूवर चढला. पंखा आणि सुकाणू गेले, मासळी खराब झाली, माणसे सुखरूप राहिली. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळले की बदलाची सूचना रीतसर आणि वेळेवर निघाली होती. ती इंग्रजीत होती आणि आमच्या मच्छीमार सोसायटीत कोणीही ती पाहिलेली नव्हती. भावाने मोजण्यात चूक केली नाही, हे मला त्याला अनेकदा सांगावे लागले. मोजणारा तांडेल बरोबर होता म्हणूनच तो चुकीच्या दिशेला गेला.

जीपीएस असताना हे सर्व कशाला, असे कोणी विचारील. जीपीएस मीही वापरला आहे आणि त्याचे उपकार मान्य करतो. पण अलीकडे तांबड्या समुद्रात आणि पर्शियन आखाताच्या परिसरात उपग्रहांचे संकेत दाबले जाण्याचे व खोटे संकेत पसरवले जाण्याचे प्रकार घडले आहेत, आणि आपल्या गावांतील कितीतरी खलाशी त्याच पाण्यात नोकरीला आहेत. छोट्या नौकेवर तर संकेत दाबायला कोणी लागत नाही. मोबाइल भिजला किंवा त्याची बॅटरी उतरली की झाले. शिवाय यंत्र आपली जागा दाखवते. समोर लुकलुकणारा बोया कालपर्यंत होता तिथेच आहे का, हे डोळ्याने पाहून आणि सूचीशी ताडूनच कळते.

हे काम अवाढव्य नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या नोंदी एका पातळ पुस्तिकेत मावतील. पान पाण्याने न भिजणारे, अक्षर ठसठशीत, अक्षरांच्या संक्षेपांऐवजी ‘दर १० सेकंदांत दोन पांढरे झोत’ असे सरळ वाक्य, आणि दुरुस्ती लिहायला प्रत्येक पानावर कोरी जागा असावी. महासंचालनालय आणि राज्याचे सागरी मंडळ यांनी माहिती द्यावी, मत्स्यव्यवसाय खात्याने ती मच्छीमार सोसायट्यांपर्यंत न्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बत्त्यांत आणि बोयांत जे बदल झाले असतील त्यांचे एक पान, मराठीत, नौका पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक बंदराच्या डिझेल पंपावर लागले पाहिजे. सोसायटीच्या फलकाकडे सगळेच पाहतात असे नाही, पण डिझेल भरायला प्रत्येक नौका येते.

वडिलांनी तोंडी सांगितलेली हर्णै ते जयगड या पट्ट्यातील खडकांची आणि खुणांची नावे मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत, आणि समोर त्या त्या बत्तीची सूचीतली नोंद लिहिली आहे. कोणतेही खाते हे काम हाती घेणार असेल तर ती वही मी आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्याकडे सोपवीन आणि नोंदी तपासायला स्वतः येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नौकानयन अधिकारी,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी